भिंतीपलीकडचा डाव

१

माझी नणंद पन्नाशीची झाली त्या सकाळी माझ्या नवऱ्यानं तिला विचारलं, "बोल, काय हवंय तुला?" त्याच्या मनात बहुतेक शाल होती, फार तर घड्याळ.

ती टोस्टला लोणी लावत म्हणाली, "मला तलवार चालवायला शिकायचंय."

नवऱ्याच्या घशात घास अडकला. "कोणावर?"

"आधी शिकू तर दे. मग ठरवते."

घरात तिला चिमणी म्हणतात. हे नाव तिच्या आईनं ठेवलं तेव्हा ती पाळण्यात होती. आता ती दारातून येताना मान थोडी वाकवते आणि तिच्या हाताची बोटं माझ्या मनगटाला दोनदा वेढा घालतील. ती गाडी चालवायला शिकवते. चौकात घाबरून इंजिन बंद पाडणाऱ्या माणसाशेजारी दिवसभर बसायचं आणि ओरडायचं नाही, असं तिचं काम. लग्न मोडल्यावर ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. आली तेव्हा ती इतकी गप्प होती की वर कोणी राहतंय हे फक्त नळाच्या आवाजावरून कळायचं. तिला चिमणी म्हणायचा हक्क तिच्या भावाचा. मी तिला चेष्टेनं 'वन्सं' म्हणायचे. हा शब्द आता कोणी वापरत नाही, म्हणूनच आम्हा दोघींना आवडतो.

तर तलवार. मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. पण संध्याकाळी दवाखान्यातून आले तर ती माझ्या चपला हातात घेऊन दारातच उभी. "वहिनी, तू पण येतेयस. एकटीला मला लाज वाटते."

"आणि माझ्याबरोबर?"

"तुझ्याबरोबर लोक तुला हसतील."

माझं काम कान तपासायचं. जाड दाराच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबायला सांगायचं. नंतर शब्द ऐकवायचे: पाणी, खुर्ची, माकड, दोरी. हे शब्द मी स्वतःच कधीतरी रेकॉर्ड केलेत, त्यामुळे माझाच आवाज मला दिवसभर ऐकू येतो. बहुतेकांना स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो. मला नाही वाटत. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे घडलं त्यात मला धड एवढंच येत होतं.

२

तलवार शिकवणारा शोधणं म्हणजे सोपं काम नव्हे.

पहिल्या ठिकाणी पांढऱ्या कपड्यांतली चुणचुणीत मुलं होती. प्रत्येकाच्या पाठीमागे वायर, टोक लागलं की दिवा पेटायचा. चिमणीनं ती बारीक तलवार हातात घेऊन हलवली. "ही तलवार आहे की अँटेना?" तिथल्या सरांनी शांतपणे आम्हाला दार दाखवलं.

दुसरे गृहस्थ नाटकातल्या मारामाऱ्या बसवायचे. फार छान माणूस. त्यांनी आम्हाला वार कसा चुकवून मारायचा ते शिकवलं, आणि लागल्यासारखं कसं ओरडायचं तेही. चिमणी ओरडली तेव्हा खालच्या मजल्यावरून कोणीतरी धावत आलं. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "मला लागणारी शिकायचीय गं. चुकणारी नाही."

तिसऱ्याच्या भिंतीवर चकचकीत तलवारी टांगलेल्या आणि तो स्वतः आरशापुढे उभा. त्याच्याकडे आम्ही चहा पण घेतला नाही.

शेवटी पत्ता दिला तो आमच्या सुऱ्यांना धार लावणाऱ्यानं. "खरी जुनी तलवारबाजी ना? गालिचेवाल्याच्या वर एक बाई शिकवतात. त्या माझ्याकडून तलवारी बोथट करून घेतात. आयुष्यात धार घालवायला आलेलं तेवढं एकच गिऱ्हाईक."

रविवारी सकाळी आम्ही तो लाकडी जिना चढलो. वर लांबलचक हॉल, उंच खिडक्या, पायाखाली जुन्या फळ्या. एका भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांना लाकडी तलवारी. मागच्या भिंतीत एक बंद दार. आणि मधोमध उभ्या असलेल्या, पांढरे केस बारीक कापलेल्या, काटकीसारख्या बाई. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. आधी त्या हाडांच्या वॉर्डात नर्स होत्या.

"पुस्तकात आहे म्हणून मी काही शिकवत नाही," त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. "करून बघते. हाड शाबूत राहिलं तर शिकवते."

जुन्या काळच्या लढवय्यांनी काढून ठेवलेली चित्रं त्यांनी गोळा केली होती. दोन हातांनी धरायची लांब तलवार, पाय असे, खांदा तसा. चित्रांवरून ती विद्या पुन्हा उभी करायची, असा त्यांचा उद्योग. शिकणाऱ्यांत एक दातांचे डॉक्टर होते, एक पोस्टमन, एक गणिताच्या बाई आणि आणखी दोघंचौघं. पहिल्या दिवशी आम्हाला फक्त उभं राहायला शिकवलं.

"पन्नास वर्षं उभी राहतेय," चिमणी कुजबुजली.

"चुकीची राहतेयस," बाई म्हणाल्या. नंतर माझ्याकडे वळून, हात कानामागे धरून, "तू काही म्हणालीस?"

मी काही म्हणाले नव्हते. पण माझ्या लक्षात आलं, बाईंना बारीक आवाज नीट येत नाहीत. डावा कान जास्त गेलेला. एकदा दवाखान्यात बोलवायला हवं, अशी मी मनात नोंद केली.

घरी येताना चिमणी गाडीत गाणं म्हणत होती. ती इतकी बेसूर गाते हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं.

३

महिन्याभरात आमचे तळवे सोलले, दंडांवर निळे डाग उठले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात लाटणी घेऊन पवित्रे घ्यायचो. नवरा दारातून डोकावून विचारायचा, "जेवण सुरक्षित आहे का?"

त्या दिवसांतच एका रविवारी मधल्या सुट्टीत मी मागच्या भिंतीला टेकून पाणी पीत होते. बाकीचे खिडकीशी. आणि माझ्या पाठीमागून आवाज आला. टक. टक-टक. मग फळीवर सरकणारा पाय, मग जरा थांबून एक जड टक.

लाकडी तलवारींचाच आवाज. पलीकडे कोणीतरी जोडीनं सराव करत होतं.

"पलीकडे दुसरी बॅच असते का?" मी पोस्टमनला विचारलं.

"पलीकडे? गालिचेवाल्याचं गोदाम आहे ना ते."

म्हणजे कामगार काहीतरी ठोकत असतील. मी बाटलीचं झाकण लावलं आणि विसरले.

पुढच्या रविवारी बाईंनी नवा डाव शिकवला. डाव म्हणजे दोघांनी मिळून करायची ठरलेली चाल: तू असा वार कर, मी असा अडवते, मग तू मागे, मी पुढे. आम्ही सगळे जोड्या करून उभे राहिलो आणि बाईंनी टाळी वाजवली.

टक. टक-टक. सरकणारा पाय. थांबणं. जड टक.

माझे हात थांबले. चिमणीची तलवार सरळ माझ्या हेल्मेटवर आदळली.

"वहिनी! मेलीस बघ!" ती खुशीत ओरडली.

तसं यात काही विचित्र नाही, मी स्वतःला समजावलं. बाईंनी कोणाबरोबर तरी आधी करून बघितला असेल. त्यांनीच तर सांगितलंय ना, करून बघते म्हणून. पण त्यापुढच्या रविवारीही भिंतीतून जे ऐकू आलं तेच एका आठवड्यानं आमच्या हातांत आलं. आणि त्याच्या पुढच्या वेळीही. प्रतिध्वनी म्हणावं तर तो आधी कसा येईल?

मी माझेच कान तपासले. सहकारी मुलीला बसवलं बाहेर आणि मी आत, हेडफोन लावून, बटण हातात. कान अगदी ठणठणीत. "बाई, तुमच्या वयाला इतकं चांगलं ऐकू फार कमी लोकांना येतं," ती म्हणाली. मला मुळीच आनंद झाला नाही.

४

शेवटी मी गालिचेवाल्यालाच गाठलं. गोल, हसतमुख माणूस. क्लास संपून सगळे खाली चहाला गेले होते.

"गोदाम बघायचंय? घ्यायचाय का गालिचा?"

"बघू. आधी बघू तर द्या."

त्यानं पाठीमागच्या जिन्यानं मला वर नेलं, कुलूप काढलं आणि खालून कोणी हाक मारली म्हणून किल्ली दारातच ठेवून गेला. खोली गच्च भरलेली. गालिच्यांच्या गुंडाळ्या जमिनीपासून छतापर्यंत रचलेल्या, मध्ये एका माणसाला अंग तिरकं करून जाता येईल एवढा बोळ. तलवार फिरवणं सोडा, इथं छत्री उघडता आली नसती. हॉलच्या बाजूचं ते बंद दार तर गुंडाळ्यांच्या मागे पुरतं झाकलेलं. लोकरीचा उबट वास. आणि शांतता, कारण इतकी लोकर सगळा आवाज पिऊन टाकते. माझ्या तपासणीच्या खोलीपेक्षाही ती खोली जास्त मुकी होती.

मला हसू आलं. झालं समाधान, मी म्हटलं. कामगार इथं काही ठोकूच शकत नाहीत, आणि ठोकलं तरी आवाज बाहेर जाणार नाही. म्हणजे जे काही ऐकलं ते जिन्याचं, नळांचं, माझ्या डोक्याचं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, म्हणजे आता हॉलच्या बाजूनं, टक आलं.

हॉलला मी स्वतः कडी लावून आले होते.

टक. टक. पाय. आणि मग कोणीतरी हसलं. पोटातून, खळाळून, शेवटी नाकातून घोरल्यासारखा आवाज काढत. असं हसणारी मला एकच बाई माहीत आहे.

त्याच क्षणी खालून, रस्त्यावरून, उघड्या जिन्यातून चिमणीचा आवाज आला, "वहिनी! चहा गार होतोय!"

दोन्ही आवाज माझ्या कानांत एकाच वेळी होते. एक डावीकडून, एक खालून. मी गालिच्याच्या एका गुंडाळीला धरून उभी राहिले. नंतर जिना कसा उतरले ते आठवत नाही. चिमणीनं माझ्या हातात कप दिला आणि म्हणाली, "चेहरा बघ. गालिचे इतके महाग आहेत?"

पोस्टमन खो खो हसला. मीही हसले. 

५

हे मी कोणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी काय? चिमणी तेव्हा इतकी खुशीत होती. तिची शिकाऊ माणसं चौकात इंजिन बंद पाडायची आणि ती म्हणायची, "श्वास घ्या, खांदे सैल सोडा, पवित्रा घ्या." जिन्यावरून उतरताना दोन पायऱ्या एकदम. जुना नवरा बाजारात दिसला तर पूर्वी ती गल्ली बदलायची. एकदा म्हणे तिनं त्याला स्वतःहून हाक मारली आणि भाजीची पिशवी धरायला लावली.

मग आम्हाला पोलादी तलवारी मिळाल्या. बोथट, पण पोलादी. अंगात गादीसारखं जाड जाकीट, हातात मोठाले हातमोजे, तोंडावर जाळीचा मास्क आणि मास्कखाली गळ्याला जाड पट्टी. त्या पट्टीनं गुदमरायला होतं म्हणून चिमणी ती सारखी सैल करायची आणि बाई सारख्या आवळायच्या.

पहिल्याच पोलादी रविवारी, क्लास सुटल्यावर, मी हातमोजे विसरले म्हणून परत वर गेले. उन्हाचे पट्टे फळ्यांवर पडले होते. हातमोजे त्या मागच्या भिंतीशीच होते. मी वाकले.

टण्ण. टण्ण. पात्यावरून पातं घसरत गेल्याचा लांबलचक किर्रर्र. फळीवर पाय. मग धप्प. एखादं जड शरीर सगळंच्या सगळं जमिनीवर पडावं तसं. त्यानंतर तलवार खणखणत खाली.

आणि मग भिंतीपलीकडून माझा आवाज. "चिमणे!"

खुर्ची, माकड, दोरी म्हणणारा तोच आवाज. फक्त तसा मी तो कधीच काढला नव्हता. आणि त्या नावानं तर तिला मी कधीच हाक मारली नव्हती.

पुढे काही ऐकायला मी थांबले नाही.

६

त्या संध्याकाळी मी चिमणीला सगळं सांगितलं. वरच्या मजल्यावर, तिच्या पलंगावर पाय वर घेऊन. तिनं मध्ये एकदाही चेष्टा केली नाही, यावरूनच कळलं की माझा चेहरा कसा झाला असेल.

"म्हणजे मी पडणार," ती म्हणाली.

"आपण जायचंच नाही ना. बस."

ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "वहिनी, मी या खोलीत किती वर्षं पडूनच होते. तू रोज ताट वर आणून ठेवायचीस. तेव्हा नाही तू हाक मारलीस."

"तेव्हा मारायला हवी होती का?"

"नाही गं. तसं नाही म्हणत मी." तिनं माझा हात थोपटला. "पण मी जाणार. गळ्याची पट्टी घट्ट बांधीन, झालं?"

मग मी मास्तरीणबाईंना गाठलं. कान तपासायच्या निमित्तानं दवाखान्यात बोलावलं, तपासले आणि मग दार लावून विचारलं, "बाई, आमचे डाव तुम्ही कुठून आणता?"

त्यांनी हेडफोन मांडीवर ठेवले. "चित्रांत सुरुवात आहे आणि शेवट आहे. मधलं नाही. मधलं कोणालाच माहीत नाही. पूर्वी मी अंदाजानं भरायचे आणि बोटं मोडून घ्यायचे. तो हॉल घेतल्यापासून..." त्या थांबल्या. "तुला ऐकू येतं?"

"येतं."

"मला वाटायचं, म्हातारपणी डोकं स्वतःशीच बोलतं. पण जे ऐकू येतं ते करून बघितलं की जमतं. अगदी बरोबर जमतं. मी म्हटलं, कशाला विचारायचं?"

"पुढच्या रविवारचा डाव कोणता?"

त्यांनी हातांनी दाखवला. वार, वार, घसरवायचं, पाऊल. "शेवटी पाय जोरात आपटायचा. मग तलवारीला तलवार लावून सलामी."

"बाई, ते पाय आपटणं नाही," मी म्हटलं. "आणि ती सलामीही नाही. कोणीतरी पडतं. आणि नंतर कोणीतरी हाक मारतं. ती तुम्हाला ऐकू येत नाही, कारण तुम्हाला तसे बारीक आवाज येत नाहीत."

 हाडांच्या वॉर्डात त्यांनी पडलेली माणसं भरपूर पाहिली होती. त्या हळूच म्हणाल्या, "मग तो डाव नाही शिकवायचा."

इतकं सोपं होतं ते. मी त्यांना ऐकायचं यंत्र बसवून दिलं आणि शीळ घालत घरी गेले.

७

रविवारी बाईंनी खरंच तो डाव शिकवला नाही. त्या म्हणाल्या, आज मोकळी लढत, पोलादी, पण अर्ध्या वेगानं. हॉलमध्ये सगळे खुशीत होते. दातांचे डॉक्टर मास्क घालून बोलत होते आणि कोणालाच कळत नव्हतं. मी मागच्या भिंतीला कान लावून आले. काही नाही. अगदी शांत.

चिमणीनं पोस्टमनला खुणावलं, "या, पत्रं वाटून दमला नसाल तर." तो पुढे झाला. आणि माझ्या डोक्यात आलं, त्या आवाजात हाक माझी होती, पण तलवार कोणाची होती हे मला कुठे माहीत होतं? माझ्या हातात असेल तर निदान माझ्या ताब्यात असेल.

"सरका," मी पोस्टमनला म्हटलं. "वन्सं माझ्या वाटणीच्या आहेत."

आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. जाळीमागे तिचे दात दिसत होते, हसत होती. एक वार, सावकाश. मी अडवला. ती फिरली, मी मागे. छान चाललं होतं. तिनं पुन्हा वार केला, टण्ण. मी उलटा, टण्ण. आणि माझं पातं तिच्या पात्यावरून घसरत वर निघालं.

किर्रर्र.

मी तो आवाज माझ्या मनगटात ऐकला. कोणी शिकवला नव्हता तो डाव. आमचे हात स्वतःहून तिथं पोचले होते. चिमणीनं पाऊल टाकलं, फळीवर तिचा पाय सरकला आणि तिचं सगळं वजन पुढे आलं. माझ्या तलवारीच्या टोकावर. गळ्याची पट्टी तिनं पुन्हा सैल केली होती, टोकासमोर तिच्या हनुवटीखालची कातडी दिसत होती.

मी दोन्ही मुठी उघडल्या.

तलवार खणखणत पडली. मग धप्प. मग मी ओरडले, "चिमणे!"

आणि पुढच्या क्षणी माझ्या कानांनी मला सांगितलं: आधी खणखणाट, मग धप्प. भिंतीत उलट होतं. भिंतीत आधी धप्प होतं.

चिमणी उताणी पडून हसत होती. पोटातून, खळाळून, नाकातून आवाज काढत. "चिमणे म्हणाली!" ती ओरडली. "ऐकलंत का सगळ्यांनी? वहिनी मला चिमणे म्हणाली!" सगळे हसले. मी तिच्या शेजारी फळ्यांवर कोसळले, मास्क भिरकावला आणि तिच्या गळ्यावर हात फिरवून बघितला. ओरखडा पण नाही. मी रडत होते की हसत होते, देव जाणे. गाल जमिनीला टेकला होता.

तिथून मला बंद दाराखालची फट दिसली.

फटीतून उजेड येत होता. पलीकडे गालिचे नव्हते. फळ्या होत्या, आमच्यासारख्याच, आणि त्यांच्यावर उन्हाचे तसेच पट्टे. एक मास्क जमिनीला टेकलेला, जाळी माझ्याकडे. तो हलत नव्हता. त्याच्याशेजारी दोन गुडघे, राखाडी विजारीतले. मी खाली बघितलं नाही, माझी विजार कोणत्या रंगाची आहे ते मला माहीत होतं.

मग एक हात खाली आला. हातमोजा काढलेला. तो फळ्यांवरून चाचपडत फटीपर्यंत आला आणि फटीतून इकडे. चार बोटं. चिमणीची बाही दाराजवळच पसरली होती. त्या बोटांना बाही लागली आणि बोटं थांबली. मग अगदी हळुवारपणे, दुखऱ्या माणसाला धरावं तशी, त्यांनी बाहीची कड पकडली.

 पण खरं सांगू? त्या बोटांची मला भीती वाटली नाही. मला भीती वाटली कारण मला कळत होतं, ती काय करतील. त्या जागी मी असते तर मी कधीच सोडलं नसतं.

म्हणून मी चिमणीच्या काखांत हात घातले आणि तिला सगळ्या ताकदीनं ओढलं. बाही फाटली. बोटांत एक चिंधी राहिली आणि ती बोटांसकट मागे गेली.

"अगं, अगं! उठतेय ना मी!" चिमणी म्हणाली. "नवीन जाकीट होतं!"

मास्तरीणबाई दाराकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या कानात मी बसवलेलं यंत्र होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्या काय ऐकत होत्या ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. फक्त म्हणाल्या, "सगळ्यांनी खाली. तलवारी राहू देत."

८

तो हॉल बाईंनी त्याच आठवड्यात सोडला. आता आम्ही एका शाळेच्या पटांगणातल्या शेडमध्ये शिकतो. चारही बाजूंनी मोकळं, फक्त खांब आणि पत्रा. जागा मी शोधली. मधलं कोणालाच माहीत नसल्यामुळे डाव आता हळू शिकतो, चुकतो, बोटं सुजवून घेतो. दातांच्या डॉक्टरांना दोन आठवडे रजा घ्यावी लागली, तरी त्यांची मजा कमी झाली नाही.

चिमणी आता नव्या लोकांना उभं राहायला शिकवते. तिच्या चौकातल्या शिकाऊंपैकी निम्मे तिच्यामागे इकडे आलेत. मी तिला आता चिमणीच म्हणते आणि ती दर वेळी मुद्दाम दुसऱ्या हाकेला ओ देते. नवऱ्याला वाटतं, आम्ही दोघींनी मिळून त्याच्याविरुद्ध काही ठरवलंय.

सगळं चांगलं आहे. फक्त एक. ती हसायला लागली ना, पोटातून, खळाळून, की पटांगणात जरा वेळ बाकी सगळं थांबल्यासारखं होतं. पाखरं, रस्ता, सगळं. इतक्या वर्षांच्या कामानं मला ती शांतता ओळखता येते. समोरचा माणूस श्वास रोखून, पुढचा आवाज कधी येतोय म्हणून कान टवकारून बसला की होते ती.

मग मी तिच्याजवळ जाते आणि तिच्या खांद्यावर हात ठेवते. "चिमणे," मी म्हणते, "जरा हळू हस."

"का गं?" ती विचारते. "कोण ऐकतंय?"

आणि हसतच राहते.